गोडव्याचे देणे

ज्या सुखासाठी आपण स्वतः कोणालाही दुखावलेले नाही, त्या सुखाचे काही देणे आपल्या शिरावर असते काय? प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात शोभावा असा आहे. सुट्टीला निघताना तो कोणी मुद्दाम सोबत घेत नाही. आम्हीही घेतला नव्हता. २०२३ च्या जुलै महिन्यात ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात, उसाच्या मळ्यांमधून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर तो आम्हाला भेटला आणि पुढचे दहा-बारा दिवस आमच्याच गाडीतून आला.

प्रवासाची हकीकत थोडक्यात अशी. वसईहून आम्ही उभयता आणि दोन मुले ब्रिस्बेनला धाकट्या बंधूंच्या घरी गेलो होतो. बंधू आणि भावजय तेथे २००४ पासून स्थायिक आहेत. त्यांनी एक कॅरव्हॅन भाड्याने घेतली. कॅरव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडायची, चाकांवरची खोली. आत झोपायच्या फळ्या, गॅसची शेगडी, हातभर लांबीचे मोरीवजा न्हाणीघर, आणि बाहेर बाजूला बांधायची कनात. दिवसा रस्ता कापायचा आणि संध्याकाळी अशा गाड्यांसाठीच राखलेल्या तळावर वीज-पाणी जोडून मुक्काम करायचा. निवृत्त झालेली कितीतरी ऑस्ट्रेलियन जोडपी वर्षातले काही महिने असेच फिरत असतात. घर पाठीवर घेऊन हिंडण्यात माणसाला एवढा आनंद का वाटावा, हे कोडे आहे. परंतु वाटतो खरा. आमच्या मुलांनी तर पहिल्याच रात्री, आता वसईचे घर विकून टाकावे, असा ठराव मांडला.

ब्रिस्बेनहून केर्न्सपर्यंत जाणारा हा ब्रूस महामार्ग सुमारे १,७०० किलोमीटरांचा आहे. उजवीकडे प्रवाळांचा समुद्र, डावीकडे डोंगरांची निळी रांग, आणि मधल्या सपाट पट्ट्यात बुंडाबर्ग, मकाय, एअर, इंगम, टली, इनिसफेल ही उसाची गावे. समुद्र रस्त्यावरून क्वचितच दिसतो, पण वाऱ्यात त्याचा खारेपणा असतो. जुलैत उसाला तुरे आलेले असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात ते रुपेरी दिसतात आणि वारा सुटला की सबंध मळा एकाच दिशेला मान झुकवतो. गाळपाचा हंगाम जूनमध्ये सुरू झालेला असतो. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून उसाच्या छोट्या आगगाड्या धावतात. अशा रुळांचे जाळे या प्रांतात सुमारे ४,००० किलोमीटरांचे आहे. फाटकावर थांबावे लागले की आमची मुले डबे मोजत. शंभराच्या पुढे मोजणी गेली की त्यांच्या आनंदाला पारावार नसे. कारखाना जवळ आला की काकवीचा तो जड, गोड, किंचित आंबूस वास मोटारीत शिरे. कोल्हापूर-सांगलीकडून हंगामात गेलेल्या कोणालाही तो लगेच ओळखू येईल.

बुंडाबर्गजवळ मोन रेपो नावाचा समुद्रकिनारा आहे. नोव्हेंबरपासून तेथे समुद्री कासवे अंडी घालायला येतात. आमचा हंगाम चुकीचा होता, तेव्हा कासवे नव्हती. म्हणून आम्ही किनाऱ्याजवळच्या रस्त्यावर पायी फिरलो आणि तेथे एक गडगा पाहिला. काळ्या ज्वालामुखी दगडांचा, चुन्यावाचून रचलेला, कंबरेएवढा. कोकणात असे गडगे पावलोपावली दिसतात, म्हणूनच कदाचित आमचे पाय तेथे थांबले. शेजारच्या फलकावर माहिती होती: उसाच्या लागवडीसाठी जमिनीतून उपसून काढलेले हे दगड १८८० च्या दशकात प्रशांत महासागरातील बेटांवरून आणलेल्या मजुरांनी रचले. तेवढ्या चार ओळींनी आमच्या सहलीचा रंग बदलला.

त्यामागचा इतिहास असा. १८६३ साली रॉबर्ट टाउन्स नावाच्या व्यापाऱ्याने ‘डॉन हुआन’ या जहाजातून ६७ बेटवासी ब्रिस्बेनजवळच्या आपल्या कापसाच्या मळ्यावर आणले. या टाउन्सचेच नाव पुढे टाउन्सव्हिल शहराला मिळाले. कापूस मागे पडला, ऊस पुढे आला आणि माणसे आणण्याचा धंदा चाळीस वर्षे चालला. १९०४ पर्यंत आजच्या व्हानुआटू आणि सॉलोमन बेटांवरून मुख्यत्वे, सुमारे ६२,००० करारांवर माणसे या किनाऱ्यावर उतरवली गेली. करार तीन वर्षांचा. वर्षाची मजुरी सहा पौंड. पहिल्या काळात फसवणूक आणि सरळ सरळ अपहरण सर्रास होते. नंतरच्या काळात पुष्कळ जण समजून-उमजून आले, काही तर दुसऱ्यांदा आले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु ज्या करारावर सही करणाऱ्याला ना भाषा ठाऊक, ना अंतर, ना परतीची वाट, त्या कराराला करार म्हणताना जीभ अडखळते. त्यांपैकी सुमारे १५,००० माणसे येथे मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बहुतेक तरुण, आणि अनेक तर आल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी, गोऱ्यांच्या अशा आजारांनी, ज्यांची त्यांच्या रक्ताला ओळख नव्हती.

फेथ बँडलर या बाईंचे नाव ऑस्ट्रेलियात आदराने घेतले जाते. १९६७ च्या सार्वमतासाठी आदिवासींच्या बाजूने झालेल्या चळवळीत त्या अग्रभागी होत्या. त्यांच्या वडिलांना १८८३ साली अंब्रिम बेटावरून, जेमतेम तेरा वर्षांच्या वयात आणले गेले आणि मकायच्या मळ्यांवर राबवले गेले. आमची मोठी कन्या तेव्हा बाराची होती. तिने फक्त एवढेच विचारले, “मग त्यांच्या आईला कोणी सांगितले?” या प्रश्नाला कोणत्याही ग्रंथालयात उत्तर मिळायचे नाही.

कथा येथे संपत नाही. १९०१ साली ऑस्ट्रेलिया एकसंध राष्ट्र झाले आणि त्याच वर्षी, हा देश गोऱ्यांचा राहावा म्हणून, बेटवासीयांना परत धाडण्याचा कायदा झाला. ज्यांनी जंगल तोडले, दगड उपसले, ऊस लावला, त्यांतल्या ७,००० हून अधिक लोकांना १९०६ पासूनच्या दोन वर्षांत जहाजांवर चढवण्यात आले. काहींची लग्ने येथेच झाली होती, मुले येथे जन्मली होती. या परत पाठवणीच्या खर्चासाठी मेलेल्या मजुरांच्या न दिलेल्या मजुरीचा पैसा वापरला गेला. म्हणजे मेलेल्याच्या घामाने जिवंताला हाकलले. हे वाक्य आम्ही आवेशाने लिहीत नाही. जमाखर्चच तसा आहे.

त्या रात्री तळावर, मुले झोपल्यावर, बंधूंशी बराच वेळ बोलणे झाले. ते व्यवहारी आहेत आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. ते म्हणाले, “दादा, आम्ही येथे २००४ साली आलो. कर भरतो, नियम पाळतो. ज्यांनी ते केले ते गेले, ज्यांच्यावर झाले तेही गेले. आता आम्ही काय मान खाली घालून ऊस पाहायचा? अशाने जगात पाहण्यासारखे काही उरायचेच नाही. आपल्या वसईच्या किल्ल्याचे दगड कोणी वाहिले, त्यांची यादी आहे का कुठे?”

यादी नाही, हे खरे. आणि मान खाली घालून ऊस पाहावा असेही आम्हाला वाटत नाही. दुसऱ्याच्या दुःखावर स्वतःचे हळवेपण पोसणारा प्रवासी आम्हाला फारसा आवडत नाही. डबे मोजणाऱ्या मुलाचा आनंद हिरावून त्याला इतिहासाचे व्याख्यान देणे हे पुण्यकर्म नव्हे. परंतु बंधूंच्या बोलण्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या, आणि त्या वेगळ्या करणे अगत्याचे आहे: एक दोष आणि दुसरे ऋण.

दोष कृत्याला चिकटतो. जे आपण केले नाही, ज्याला संमती दिली नाही, त्याचा दोष आपल्याला लागत नाही. त्यासाठी पापनिवेदनाला जाण्याचे कारण नाही. ऋणाचे तसे नाही. लहानपणी सातव्या आज्ञेचा पाठ देताना आमचे मास्तर सायकलचे उदाहरण देत. एकाने बाजारातून योग्य किमतीला सायकल घेतली. ती चोरीची होती, हे त्याला ठाऊक नव्हते. तो पापी काय? मुळीच नाही. पण एक दिवस खरा मालक दाराशी येऊन ओळख पटवतो. त्या दिवसानंतर ती सायकल त्याची राहते काय? वर्गात यावर मोठा गलका होई, कारण ज्याची फसवणूक झाली त्यानेच सायकल गमवायची, हे कोणाच्याच गळी उतरत नसे. धर्मशास्त्राने मात्र शतकानुशतके हेच सांगितले आहे: नेणतेपणी घेतलेला निर्दोष असतो, पण कळल्या क्षणापासून त्याच्या हातातली वस्तू बोलू लागते. परतफेड ही शिक्षा नव्हे. जे ज्याचे आहे ते त्याच्याकडे जावे, एवढीच तिची मागणी असते.

अडचण अशी की येथे सायकल नाही. आहे तो सपाट केलेला पट्टा, बांधलेली बंदरे, वसलेली गावे, गुळगुळीत रस्ता, आणि त्या सर्वांतून वाहणारी एक समृद्धी, जिच्यात बंधूंच्या घराचा हप्ता आणि आमची सहल दोन्ही कोठेतरी येतात. आणि मालक मातीखाली आहे. मळ्यांच्या कडेला अशा कबरी आहेत, ज्यांवर दगडही नाही. बेटवासीयांच्याही आधी ज्या आदिवासींची ही भूमी होती, त्यांचे देणे तर याहून जुने आणि याहून मोठे आहे.

येथे भावजय बोलल्या. त्या एका वृद्धाश्रमात परिचारिका आहेत. त्या म्हणाल्या, “माणूस गेला तर आम्ही काही परत आणू शकत नाही. पण त्याचे नाव, वेळ, शेवटी कोण जवळ होते, हे सगळे लिहून ठेवतो. ते लिहिल्याशिवाय आमची पाळी संपत नाही.” आमच्या सगळ्या युक्तिवादापेक्षा हे वाक्य आम्हाला अधिक उपयोगी वाटले. ज्याला काही परत करता येत नाही, त्याच्या बाबतीतही एक काम शिल्लक राहते, ते नोंद करण्याचे. मळ्यांवर या माणसांना ‘टॉम’, ‘जॅक’ अशी नावे ठोकून दिली जात आणि पुष्कळदा बेटाचे नावच आडनाव होई. म्हणूनच, १९९४ साली ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने त्यांच्या वंशजांना स्वतंत्र समाज म्हणून मान्यता दिली, किंवा २०२१ साली बुंडाबर्गच्या महापौरांनी जाहीर क्षमा मागितली, तेव्हा ती पोकळ औपचारिकता होती असे आम्ही म्हणणार नाही. पुरेशी होती, असेही म्हणणार नाही.

इंगम गावी पोहोचल्यावर हा हिशेब आणखी गुंतला. गावाच्या दफनभूमीत इटालियन कुटुंबांची घरांसारखी थडगी रांगेने उभी आहेत: फरशीची, संगमरवराची, दारे आणि जाळ्या असलेली, आत छायाचित्रे आणि फुले. कॅथलिक माणसाला तेथे परके वाटत नाही. आमच्या मुलांनी न सांगता क्रुसाची खूण केली. १८९१ साली ‘जम्ना’ जहाजातून तीनशेहून अधिक उत्तर इटालियन शेतमजूर टाउन्सव्हिलला उतरले. बेटवासीयांच्या जागी हात हवे होते, म्हणून त्यांना बोलावले होते. म्हणजे दुसऱ्याच्या उठलेल्या पानावर ते बसले. परंतु त्यांचे तरी कोठे लाड झाले? १९२५ साली उत्तर क्वीन्सलंडमध्ये परकीय फार वाढले म्हणून चौकशी आयोग नेमला गेला आणि त्याच्या अहवालात दक्षिण इटलीच्या लोकांविषयी तुच्छतेने लिहिले गेले. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यातल्या अनेक कर्त्या पुरुषांना शत्रू म्हणून छावण्यांत डांबले. आता सांगावे, हे ऋणको की धनको? दोन्ही. बहुतेक माणसे दोन्हीच असतात. ज्याने सोसले तो आपोआप फिटला, असा नियम नाही. आणि ज्याला लाभ झाला तो आपोआप दुष्ट, असाही नाही.

वाटेत बर्डेकिन नदीच्या भागात संध्याकाळी उसाला लावलेली आग पाहिली होती. मुले ओरडलीच. काही मिनिटांत ज्वाळा दोन माळे उंच चढतात, सगळे आकाश तांबडे होते आणि मग काळी राख बर्फासारखी भुरभुरत खाली येते. असे सुंदर दृश्य क्वचित पाहायला मिळते. नंतर कारण समजले. पूर्वी उसाच्या फडात उंदरांच्या मुतामुळे कापणाऱ्यांना एक ज्वर होई आणि त्यात माणसे मरत. तोच हा लेप्टोस्पायरोसिस, जो आपल्याकडे पावसाळ्यात दरवर्षी बातम्यांत येतो. १९३४ आणि १९३५ साली तोडणी कामगारांनी, त्यांत इटालियन पुष्कळ होते, संप करून मागणी केली की तोडणीआधी फड जाळा. मालकांना जाळणे नको होते, कारण जळालेल्या उसातली साखर लवकर उतरते. म्हणजे ज्या ज्वाळांकडे आम्ही टाळ्या वाजवत पाहत होतो, त्या कोणीतरी जीव वाचवण्यासाठी भांडून मिळवलेल्या होत्या. १९७९ पर्यंत सगळी तोडणी यंत्रांवर गेली आणि पुष्कळ भागांत जाळणेही थांबले. बर्डेकिनमध्ये ते अद्याप चालते. हे कळल्यावर ज्वाळा कमी सुंदर झाल्या नाहीत. आमच्या मते तर वाढल्या. बंधूंच्या शंकेला हेही एक उत्तर होते: जाणण्याने आनंद नासतो असे नाही, तो खोल जातो.

(याच मुलखात १९३५ साली उसाची कीड खाण्यासाठी हवाईहून शंभराच्या आसपास बेडूक आणून सोडले. त्यांनी कीड सोडून बाकी सर्व खाल्ले आणि आज ते कोट्यवधींच्या संख्येने दूरवर पसरले आहेत. तळावर रोज रात्री एक तरी आमच्या पायरीशी बसलेला असे. ऋणाप्रमाणे चुकाही वारशाने मिळतात, हे सांगायला तो पुरेसा होता.)

परतीच्या वाटेवर धाकट्याने सहज म्हटले, “आपल्याकडेसुद्धा माणसे घर घेऊन ऊस बघायला जातात ना?” त्याने पुण्याच्या पुढे कधीतरी पाहिलेल्या गाड्या त्याच्या लक्षात होत्या. बघायला नव्हे, तोडायला जातात. पण घर घेऊन, हे खरे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा टायरच्या बैलगाडीत भांडी, पीठ, पाचटाची कोपी उभारायचे बांबू, कोंबड्या, आजी, तान्हे मूल. क्वीन्सलंडच्या रस्त्यावर ज्याला सहल म्हणतात, ते सर्व साहित्य या गाडीतही असते. पहाटेच्या काळोखात नवरा-बायको फडात उतरतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. पाळी चुकली, पोटात दुखले, तरी सुट्टी परवडत नाही. बीड जिल्ह्यातील अशा स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाला २०१९ साली समिती नेमावी लागली.

नाताळच्या नेवऱ्या आणि कुलकुल करण्यासाठी आपल्या घरोघरी साखरेची पिशवी फोडली जाते, ते दिवस त्यांच्या हंगामाच्या ऐन मध्यावर येतात. बुंडाबर्गच्या गडग्याजवळ जे देणे आम्हाला शोधावे लागले, त्याचे धनको मातीखाली आहेत. हे धनको रस्त्यावर आहेत, आपली भाषा बोलतात, आणि त्यांची मुले कोणत्या शाळेतून उठून आली ते विचारता येते. काही कारखान्यांच्या आवारात त्यांच्यासाठी साखरशाळा चालल्या. जेथे त्या नाहीत तेथे सहा महिने पाटी कोपीच्या बांबूला टांगलेली राहते.

या व्यवहाराची भाषा ऐकण्यासारखी आहे. मुकादमाच्या वहीत नवरा आणि बायको मिळून जी नोंद होते, तिला ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसे, एक कोयता. हंगामाआधी त्यांना हाती दिली जाते ती ‘उचल’. एक दिवस कामावर आले नाही तर ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे उलट त्यांच्याकडूनच कापले जातात. हंगाम संपला की हिशेब होतो. उचल फिटली नसेल तर ती पुढच्या वर्षाच्या वहीत चढते, आणि त्या वहीत देणेकरी म्हणून नाव त्यांचेच असते.